डायलिसिसचे दावे ‘डुप्लिकेट’ का ठरत होते

पुण्यातल्या एका हेल्थ-टेक कंपनीसाठी मी जुळे सोलापुरातल्या घरून आरोग्य विम्याच्या दाव्यांचा डेटा तपासतो. परवा एकाच रुग्णाचे १२ दावे अडकलेले दिसले. रुग्णालय तेच, डायलिसिसचा कोड झेड ४९.१, रक्कमही पैशापर्यंत तीच. सिस्टिमने सरळ ‘डुप्लिकेट’ ठरवले होते.

तारखा एकाखाली एक लावल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पुन्हा सोमवार. पोटात गोळाच आला. माझी मावशी हेच वार धरून डायलिसिसला जायची. तिच्या रिक्षावाल्यालाही ते पाठ होते.

नियम ७ दिवसांच्या आतली सारखी बिलं एकच समजत होता; उपचाराची तारीख तो बघतच नव्हता. ती घातली, बिल क्रमांकही घातला. तारीख एक पण क्रमांक वेगळा असेल, तर ते बिल आता माणूस तपासतो. केमोथेरपीलाही हाच धोका होता, म्हणून तीही तपासली. मग मागच्या ३ महिन्यांच्या डेटावर नियम पुन्हा चालवला. खरोखर दोनदा आलेली बिलं अजूनही पकडली जातात, हे बघितल्याशिवाय मी उठलो नाही.

ते १२ दावे त्याच संध्याकाळी मोकळे झाले.