हेडरच्या गरमीपासून प्लग वायरी कशा वाचवायच्या

मागच्या मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढताना माझी जुनी पेट्रोल गाडी फट् फट् करून ओढायचीच बंद झाली, म्हटलं कचरा आला असेल म्हणून घरी आल्यावर कार्बोरेटर साफ केला, पेट्रोल फिल्टर बदलला, आणि शेवटी बघतो तर तीन नंबरची प्लग वायर (स्पार्क प्लगला करंट नेणारी) हेडरला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या पाईपांना, चिकटून वितळलेली. फ्री फ्लो हेडर बसवताना मूळ पत्र्याचं हीट शील्ड (धग अडवणारा पत्रा) काढलं होतं ते परत कुणी लावलंच नाही. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ ला जातो, बॉनेटखाली तर भट्टीच असते, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी आपल्या गाडीला हे लागू आहे का ते बघा. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर ठिणगीचा करंट तयार करणारी स्वतःची कॉइल असते, लांब वायरीच नसतात. जुन्या अँबॅसिडरच्या बी-सिरीज इंजिनात प्लग एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला, तिथं हा त्रास फारसा नाही. प्लग हेडरच्याच बाजूला असलेल्या गाड्यांनी आणि बाईकवाल्यांनी (वायर बेंड पाईपला, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या सायलेन्सरच्या वाकड्या पाईपला, टेकते का बघा) मात्र पुढं वाचा.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर उभी असेल तर उत्तम. वायरींवर चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ लिहा, नाहीतर फायरिंग ऑर्डर, म्हणजे प्लग पेटण्याचा क्रम, चुकते. वायर धरून ओढायची नाही, प्लग कॅप थोडी पिळून काढायची, कारण ओढली की आतला कार्बनचा धागा तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. रबर कडक झालंय, भेगा पडल्यात, पांढुरकं झालंय, अशी वायर वाचवत बसू नका, पूर्ण सेटच बदला आणि घेताना सिलिकॉनचाच घ्या. सिलिकॉन साधारण २०० डिग्रीपर्यंत तग धरतं, साधं रबर त्याच्या बरंच आधी जातं, आणि जोरात चालवलेल्या गाडीचा हेडर तर ४०० च्या वर सहज जातो.

आता खरं काम, आणि ते म्हणजे अंतर. लोक महागडी स्लीव्ह (वायरीवर चढवायची गरमी सोसणारी नळी) आणतात, वायरीवर चढवतात आणि वायर परत पाईपवरच टेकवून ठेवतात, मग स्लीव्हचा काय उपयोग? वायर आणि हेडरमध्ये सगळीकडे कमीत कमी एक इंच मोकळी जागा पाहिजे, दीड जमला तर अजून चांगलं. वायर प्लगपासून आधी वर घ्या, मग मागं वळवा, आणि रबर लावलेल्या लोखंडी पी क्लॅम्पनं (इंग्रजी P च्या आकाराची पकड) बांधा. क्लॅम्प इंजिनच्याच बोल्टला लावायचा, बॉडीला नाही, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि बॉडी हलत नाही, मग वायर ताणली जाते. प्लॅस्टिकची टाय हेडरजवळ अजिबात नको, ती वितळली की वायर थेट पाईपवर पडते, माझं तसंच झालं होतं.

जागाच नसेल तिथं स्लीव्ह. यंत्रमागामुळं आपल्याकडं मोटार वाइंडिंगची दुकानं बरीच, तिथली फायबर ग्लासची स्लीव्ह स्वस्तात मिळते, पण ती १५५ किंवा फार तर १८० डिग्रीची असते, हेडरजवळ चालणार नाही. गाडीसाठीची वेगळी मिळते, ५०० च्या वर सोसणारी, तीच मागा. कापताना हातमोजे घाला, तिची कुसळं टोचतात आणि दिवसभर खाज सुटते. चंदेरी पत्र्यासारखी स्लीव्ह घेतली तर ती प्लगच्या टोकापर्यंत नेऊ नका, वरून वीस-तीस हजार व्होल्ट वाहतात, धातू दिसला की स्पार्क तिकडं उडी मारणार. पीव्हीसी टेप गुंडाळणं हा तर उपायच नाही. आणि मूळ हीट शील्ड घरात पडलं असेल तर आधी ते शोधून लावा हो, कंपनीनं ते उगाच दिलेलं नसतं.

कॅप बसवताना आतल्या रबराला सिलिकॉन ग्रीस बोटभर लावा, पुढच्या वेळी चिकटत नाही. टक् असा आवाज आला पाहिजे.

मग रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू करा, वायरींवर निळी ठिणगी नाचताना दिसली तर त्या वायरीतून करंट बाहेर गळतोय. चालू इंजिनात वायरीला हात लावू नका, झटका बेकार बसतो. दुसऱ्या कुणाला रेस द्यायला सांगा आणि इंजिन हलताना वायर पाईपजवळ जाते का ते लांबून टॉर्चनं बघा.

एवढं करूनही वायरी जळत असतील, हेडर लालभडक होत असेल, तर दोष वायरींचा नाही. टायमिंग मागं गेलंय का (ठिणगी उशिरा पडते का), मिक्श्चर लीन झालंय का (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय का), ते मिस्त्रीकडून तपासून घ्या. मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलेंडरात पेट्रोल न पेटणं, तसाच चालवू नका, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) खराब करतं, आणि तो भाग लय महाग.

घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवून गाडी बंद करू नका, एखादा मिनिट आयडलला (रेस न देता चालू) ठेवा, कारण फॅनची हवा थांबली की हेडरची सगळी धग वायरींवर येते. आणि अक्कलकोटला जाऊन आलात की, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर झाले की, इंजिन गार करून सगळे क्लॅम्प एकदा परत आवळा.