झेरॉक्स मशीनमधील बोर्ड सुरक्षितपणे कसा काढावा

बटण बंद केले म्हणजे मशीनमधील वीज संपली, हा या कामातील सर्वांत घातक समज आहे. पॅनेलवरील बटणाने मशीन बहुधा केवळ स्लीप मोडमध्ये जाते. मुख्य स्विच वेगळा असतो आणि अनेक मॉडेल्समध्ये तो समोरच्या झाकणाआड असतो. दमट हवेत कागद कोरडा राहावा म्हणून ट्रेजवळ बसवलेला हीटर तर काही मशीनमध्ये मुख्य स्विच बंद केल्यावरही चालू राहतो. म्हणून मशीन रीतसर बंद होऊ द्यावे, मग प्लग भिंतीतून काढून आपल्या नजरेसमोर ठेवावा. फॅक्सची जोडणी असल्यास टेलिफोनची तारही काढावी, कारण रिंग येताना तिच्यातूनही झटका बसू शकतो. फ्यूजर, म्हणजे टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग, निवायला वेळ द्यावा.

मेन बोर्ड बदलायचा असेल, तर मशीन बंद करण्यापूर्वीच, ते चालत असल्यास, सेटिंग्जचा अहवाल छापून घ्यावा.

खरा धोका पॉवर सप्लाय बोर्डात असतो. आपल्याकडील 230 व्होल्टचा पुरवठा तेथे डीसीमध्ये बदलला की मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे 325 व्होल्टचा दाब साठतो, आणि तो उतरवणारा रेझिस्टर जळलेला असल्यास प्लग काढल्यानंतरही बराच काळ टिकतो. नादुरुस्त बोर्डावर तर ही शक्यता गृहीतच धरावी. काही मिनिटे थांबून, बोर्डाला हात न लावता, योग्य क्षमतेच्या मल्टीमीटरने कपॅसिटरच्या दोन्ही टोकांमधील डीसी व्होल्टेज मोजावे. ते शिल्लक आढळल्यास इन्सुलेटेड क्लिप लावलेल्या 10 किलोओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवावे आणि पुन्हा मोजावे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय कारागिरांत सर्रास दिसते, ती धोक्याची आहे. ज्याला हे मोजमाप जमत नाही, त्याने हा बोर्ड काढूच नये. ते काम तंत्रज्ञाकडे सोपवावे.

यानंतर आपल्यामुळे बोर्डाला होणारी इजा टाळायची असते. अंगावरील स्थिर विजेने बोर्डावरील आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) निकामी होऊ शकते आणि तो दोष लगेच दिसेलच असे नाही. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून तो मशीनच्या रंग नसलेल्या धातूच्या सांगाड्याला जोडावा. मात्र मशीनला वीजपुरवठा सुरू असताना हा पट्टा कधीही वापरू नये.

कनेक्टर काढण्यापूर्वी मोबाइलवर स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. कनेक्टर तारा ओढून नव्हे, तर त्याच्या प्लॅस्टिकच्या भागाला धरून सरळ काढावा. चपट्या रिबन केबलच्या सॉकेटला लॅच (केबल पकडून ठेवणारी छोटी खिटी) असल्यास ते नखाने अलगद उघडावे. ते तुटले तर चांगला बोर्डही वाया जातो. स्क्रू ज्या भोकातला त्या क्रमाने ठेवावेत, कारण आर्थिंगचा दातेरी वॉशरवाला स्क्रू दुसरीकडे गेल्यास पुढे विचित्र बिघाड येतात. शेवटचा स्क्रू सोडवताना बोर्डाला हाताचा आधार द्यावा आणि तो कडांना धरूनच बाहेर काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवावा.

अनेक मॉडेल्समध्ये सेटिंग्ज आणि प्रतींचा आकडा सॉकेटमध्ये बसवलेल्या लहानशा मेमरी चिपमध्ये असतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तशी सूचना असल्यास ती चिप खाचेची दिशा पाहून नव्या बोर्डावर बसवावी. जुना बोर्ड भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवावा.