नियतकालिकाचा ग्रंथमितीय अभ्यास : नोंदी आधी, नकाशे नंतर

ग्रंथमितीय अभ्यास म्हणजे नियतकालिकातले लेख, लेखक आणि उद्धरणं (इतरांनी त्या लेखांचे दिलेले संदर्भ) आकड्यांत मोजणं. उदाहरणादाखल मुंबईचं ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ घ्या. हे 1966 साली सुरू झालं, पण त्याआधी 1949 पासून ‘इकॉनॉमिक वीकली’ निघत होतं. दोन्ही एकत्र मोजायची की वेगळी, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा. नंतर बदललंत तर सगळे तक्ते पुन्हा करावे लागतात.

एक्सेलमध्ये एका लेखाला एक ओळ. रकाने : वर्ष, खंड, अंक, शीर्षक, लेखक, संस्था, पृष्ठं, लेखनप्रकार. लेखनप्रकार वगळू नका. संपादकीय, पत्रं आणि परीक्षणं संशोधनलेखांत मिसळली, की दर लेखामागची उद्धरणं विनाकारण घसरतात.

खरा वेळ जातो नावांत. ‘कुलकर्णी, एस.’ म्हणजे सुनीता, संजय की शरद? आद्याक्षरांवर विसंबलात तर तिघांचे लेख एकाच्या खात्यावर जमा होतात. उलट ‘देशपांडे, व्ही. आर.’ आणि ‘देशपांडे, विजय’ ही एकच व्यक्ती असू शकते. ओपनरिफाइन या माहिती साफ करायच्या सॉफ्टवेअरमधली क्लस्टर सोय सारखी नावं समोर आणते, पण जोडण्यापूर्वी संस्था आणि विषय ताडून बघाच. मूळ रकाना तसाच ठेवून शुद्ध नाव शेजारी लिहा.

मग मोजणी. सहलेखनाचं प्रमाण म्हणजे बहुलेखकी लेख भागिले एकूण लेख : 200 पैकी 50 असतील तर 0.25. हे पाच-पाच वर्षांच्या गटांत काढा, एखाद्या विशेषांकाची उसळी त्यात विरते. उद्धरणांची तुलना करताना जुन्या लेखांना जास्त वर्षं मिळालेली असतात, म्हणून प्रत्येकाला प्रकाशनानंतरची समान पाच वर्षंच द्या.

व्हीओएसव्ह्यूअर, म्हणजे लेखकांमधले किंवा उद्धरणांमधले संबंध जाळ्यासारखे दाखवणारं सॉफ्टवेअर; त्याचा नकाशा सर्वांत शेवटी.