चांदीला हात लावण्याआधी तांबे बिघडवा: घरी जोडवे कसे घडवावे

जोडवे घडवायला शिकायचे असेल तर चांदी एवढ्यात घेऊ नका. दीड मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या आणि पहिली काही जोडवी बिघडणारच हे धरून चाला. हातोडीखाली तांबे आणि चांदी बरीचशी सारखी वागतात, पण तांब्याचा तुकडा वाया गेला तर जीव हळहळत नाही.

तार कुठली घ्यावी

इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची तांब्याची उघडी तार मागा. बेळगावात दुकानदार मराठी बोलणारा असो की कन्नड, 'अर्थिंगची तार' म्हटले की कळते. मोटर रिवाइंडिंगची तार नको. तिच्यावर वार्निशचा थर असतो आणि तो जळताना घातक धूर होतो. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून निघालेले पितळेचे तुकडेही मोहात पाडतात. पण लेथवर कापायच्या पितळेत बहुधा शिसे मिसळलेले असते. अंगावर घालायच्या वस्तूला ते वापरू नये.

ताव देणे

तार ठोकली, वाकवली की ती कडक होत जाते. तरीही ठोकत राहिलात तर कडेला चिरते. म्हणून ती मऊ करून घ्यायची: विटेवर ठेवून गॅसच्या टॉर्चने मंद लाल होईपर्यंत तापवायची आणि चिमट्याने पाण्यात टाकायची. हा लाल रंग भर उन्हात दिसत नाही, तेव्हा सावलीत बसा. दारेखिडक्या मात्र उघड्या ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा ज्योत इकडेतिकडे फिरवतो. अशा वेळी विटांचा तीन बाजूंनी आडोसा करा. सुती कपडे, डोळ्यांना चष्मा आणि जवळ पाण्याची बादली हवीच.

माप

आधी तार ऐरणीवर चपटी करा, मगच मापून कापा, कारण ठोकताना ती लांबते. हिशेब सोपा आहे: आतला व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. व्यास १५ मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर असेल तर पट्टी सुमारे ५० मिलिमीटर लागेल. जाडी धरायची राहिली तर जोडवे हमखास घट्ट होते. पहिली जोडवी तोंड उघडे ठेवूनच करा: गोल सळईवर लाकडी मोगरीने वळवा आणि टोके कानशीने गोल करा. डाख, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावायचा धातू, लागत नाही, शिवाय बोटावर मापही थोडे जुळवून घेता येते.

डाख लावणे

खरी परीक्षा इथे असते. बंद वेढे, म्हणजे तोंड जोडलेले सलग कडे, करायचे तर टोके एकमेकांना इतकी भिडली पाहिजेत की उजेडाकडे धरल्यावर फट दिसू नये. डाख फट भरून काढत नाही. तो फक्त भिडलेल्या कडांमध्ये शिरतो. सांधा कानशीने स्वच्छ करा, पाण्यात कालवलेली सवागी, म्हणजे टाकणखार, लावा आणि डाखाचा बारीक तुकडा सांध्यावर ठेवा. चांदीचा डाख घेताना कॅडमियम नसलेलाच मागा.

ज्योत डाखावर धरू नका. सगळे वेढे तापवा. सवागी आधी फुगते, मग काचेसारखी पातळ होते. त्यानंतर थोड्याच वेळात डाख चमकून पळतो. तो पळताच ज्योत बाजूला.

बिघडलेला तुकडा लगेच फेकू नका, आधी नीट बघा. डाखाची गोळी होऊन बसली असेल तर सांधा मळका होता किंवा धातू पुरेसा तापला नव्हता. डाख एकाच बाजूला गेला असेल तर ती बाजू जास्त तापली होती, कारण तो उष्णतेकडे धावतो. सवागी काळी पडून जळाली असेल तर तुम्ही फार वेळ तापवत बसलात. पुढच्या खेपेला यातली एकच गोष्ट बदला. डाखही दुसरा, ज्योतही मोठी, सांधाही वेगळा असे केले तर कशाने जमले ते कळणारच नाही. तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधा: लांबी, जाडी, काय बदलले. जोडवी जोडीने लागतात. दुसरे पहिल्यासारखे करताना ही चिठ्ठीच कामाला येते.

साफसफाई

काळा थर कोमट पाण्यातल्या लिंबूफुलाने निघतो. चिंचही चालते, वेळ जास्त लागतो. त्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवू नका. त्यामुळे चांदीवर तांब्याचा लालसर थर चढतो. शेवटी रिठ्याचे पाणी आणि पितळी तारांचा ब्रश. तांब्याच्या जोडव्याने बोट हिरवे झाले तर घाबरू नका, धुतले की जाते.

चांदीकडे

लागोपाठ काही सांधे पहिल्याच तापवणीत जमले की चांदी घ्या. बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत तार मिळते का ते विचारा. निपाणीकडच्यांना चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले हुपरी जवळ पडते. इथे हात आखडता ठेवा. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, ९२.५ टक्के चांदी मात्र ९०० च्या आसपासच. तांब्याच्या सवयीने ज्योत धरून ठेवलीत तर वेढे बघता बघता खाली बसते.

कानस चालवताना खाली कागद पसरा. सोनाराच्या दुकानापुढची धूळ गाळून पोट भरणारे झारेकरी उगीच झाले नाहीत. चांदीचा कीस वेगळ्या डबीत ठेवा. त्यात तांबे किंवा डाख मिसळला की सोनार भाव कमी करतो.