‘स्टन’ म्हणजे नुसतं ‘चकित’ नव्हे: या चुका टाळा

साहेबांचे वडील गेले म्हणून माझ्या क्लासमधल्या एका मुलाने इंग्रजीत मेल लिहिला. पाठवण्याआधी मला दाखवला, हे नशीब. पहिलंच वाक्य होतं, ‘आय अ‍ॅम स्टनिंग टु हिअर धिस.’ त्याला म्हणायचं होतं, ‘हे ऐकून मी सुन्न झालो.’ लिहून बसला, ‘हे ऐकायला मी फार देखणा आहे.’

ही चूक सगळ्यांत जास्त होते. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’मध्ये होते तीच. स्टन म्हणजे मुळात डोक्यात दणका घालून भान घालवणं, एवढं धरून ठेवलं की गोंधळ होत नाही. दणका बसला तो ‘स्टन्ड’, ज्याने दिला ते ‘स्टनिंग’. बातमी स्टनिंग, आपण स्टन्ड. आणि उच्चार एका झटक्यात संपवा. ‘स्टनेड’ असा शब्द नाही.

मग ‘स्टनिंग’चा अर्थ सुंदर कसा झाला? आपण ‘आज खल्लास दिसतेयस’ म्हणतो, तसाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमध्ये ही बोली रुळली. चित्रकार रोझेटी आणि त्याची मित्रमंडळी देखण्या बाईला ‘स्टनर’च म्हणत. म्हणून ‘स्टनिंग डिफीट’ दिसलं की ‘नेत्रदीपक पराभव’ असं भाषांतर ठोकू नका. तिथे धक्काच आहे, सौंदर्य नाही.

दुसरी चूक भाषांतरकारांची, म्हणजे माझीही: स्टन, अ‍ॅस्टॉनिश, अ‍ॅस्टाउंड, सगळ्यांना सरसकट ‘चकित होणे’. हे तिन्ही शब्द एकाच घरातले, आणि ते घर ढगांच्या गडगडाटाचं. लॅटिनमध्ये ‘टोनारे’ म्हणजे गडगडणं. त्याला ‘एक्स’ हा उपसर्ग लागला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एस्तोनेर’ झालं आणि तिथून हे शब्द इंग्रजीत उतरले. वीज जवळ कोसळल्यावर कानठळ्या बसतात, माणूस क्षणभर थिजतो, ती अवस्था यात आहे. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’च्या पाचव्या अंकात फ्लुएलेन पिस्टलला सोट्याने बडवतो, तेव्हा गॉवर त्याला आवरतो: पुरे, तुम्ही त्याला ‘अ‍ॅस्टॉनिश’ केलंत. इथे ‘चकित केलंत’ लिहिलं तर सगळी गंमत गेली. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकलेत!

याच धातूची आपल्याकडची शाखाही जुनी आहे. संस्कृतात ‘स्तन्’ म्हणजे गर्जणं, ‘स्तनयित्नु’ म्हणजे गडगडणारा मेघ, ‘स्तनित’ म्हणजे मेघगर्जना. ‘मेघदूता’त यक्ष ढगाला बजावतो की उज्जयिनीत रात्री प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना विजेने वाट दाखव, पण गडगडू नकोस, त्या घाबरतील. तिथे शब्द ‘स्तनित’ हाच आहे. इंग्रजी ‘थंडर’ही याच कुळातला.

हे कळल्यावर मात्र काही जण उत्साहाच्या भरात ‘सुन्न’ आणि ‘स्टन’चंही नातं जुळवतात. अर्थ जुळतो, आवाज जुळतो, पण नातं नाही. सुन्न आला ‘शून्य’वरून. अशी फसगत इंग्रजांचीही झाली आहे. १६११च्या बायबलात ‘अ‍ॅस्टोनीड’ असं जुनं रूप येतं. त्यात ‘स्टोन’ ऐकू आल्याने ‘दगड झालेला’ असा अर्थ लोकांनी लावला. दगडाचा इथे काही संबंध नाही.

‘स्टंटेड’ वेगळा: तो खुरटलेल्या वाढीसाठी, कुपोषणाच्या अहवालांत भेटतो. घाईत एका अक्षराने ‘स्टन्ड चिल्ड्रन’ झालं तर मुलं खुरटलेली न राहता अवाक् होतात. आणि ‘डेझ’ म्हणजे भोवळल्यासारखं, गुंगीत असणं. उच्चार अगदी ‘दिवस’वाल्या ‘डेज’सारखा, त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्यांनी जपावं. ‘डॅझल’ त्याचंच पोर, पण ते आता डोळे दिपवण्यापुरतं उरलंय.

मराठीत नेमका शब्द निवडताना मी एकच बघतो: दणका कुठे बसला? कानावर असेल तर कानठळ्या, डोक्यावर असेल तर भोवळ किंवा काजवे, मनावर असेल तर सुन्न, बुद्धीवर असेल तर चक्रावणं. कौतुक असेल तरच थक्क. चकित शेवटी, काहीच बसलं नाही तर.

त्या मुलाने ‘स्टनिंग’ खोडून ‘स्टन्ड’ केलं. व्याकरण जमलं. मी ते वाक्यच काढायला लावलं. वडील साहेबांचे गेले होते, आणि मेल सुरू होत होता याच्या सुन्न होण्यापासून. ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ एवढं ठेवलं आणि पाठवला.