गुळाचं हळदीचं दूध फाटायचं, ते असं थांबलं

जळगावात थंडी पडली की आमच्याकडे रात्री हळदीचं दूध, तेही गुळाचंच. पण गूळ पडला की पातेल्याच्या कडेला बारीक पिवळ्या कण्या दिसायच्या. दूध बदललं, गूळ बदलला, गॅस मंद केला. फार जीव जळायचा.

आता आधी अर्धा कप पाण्यात ठेचलेलं आलं आणि 2 मिरे 3 मिनिटं खळखळून उकळते. कच्च्या आल्यानेही दूध नासतं, म्हणून हे टाळू नका. मग पाव चमचा हळद, थोडं तूप, मिनिटभर उकळी. त्यात 2 कप तापलेलं दूध, एक उकळी, गॅस बंद. 5 मिनिटं थांबून किसलेला गूळ घालते, विरघळेपर्यंत ढवळते. नंतर पातेलं पुन्हा गॅसवर ठेवत नाही. माझं तिथेच चुकत होतं.