ॲडमिनच्या लॉगिनमध्ये चाललं म्हणजे ऑपरेटरकडे चालेलच असं नाही

मागे एका छापखान्यात सहा पीसींवर स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर टाकलं. माझ्या ॲडमिन लॉगिनमधून उघडून पाहिलं, सगळं झकास. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेटरचा फोन : "सर, ईपीएस उघडत नाहीये, आणि मराठी फॉन्ट एकही दिसत नाही."

दोन्ही चुका माझ्याच. ईपीएस, म्हणजे छपाईच्या चित्राची फाइल, उघडायला स्क्रायबसला घोस्टस्क्रिप्ट हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी ड्राइव्हवरच्या घोस्टस्क्रिप्टचा पाथ मी प्रेफरन्सेसमध्ये हाताने भरला होता, पण स्क्रायबस सेटिंग ठेवतं ते ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये. म्हणजे माझा पाथ माझ्यापाशीच राहिला. घोस्टस्क्रिप्ट नेहमीच्या जागी टाका, नाहीतर प्रत्येक लॉगिनमध्ये पाथ भरा.

फॉन्टचं दुखणं याच जातीचं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून राइट-क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं, की फॉन्ट त्या एकाच युजरपुरता बसतो. सगळ्यांना हवा असेल तर 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स'. सॉफ्टवेअर टाकताना ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये बसून ॲडमिनचा पासवर्ड टाकला, तरी भागत नाही. इन्स्टॉलर त्या क्षणापासून ॲडमिनच्या नावाने चालतो. तिथे 'फक्त माझ्यासाठी' निवडलंत, तर सॉफ्टवेअर जातं ॲडमिनच्या खात्यात आणि ऑपरेटर बसतो आयकॉन शोधत. सर्व्हरवरचा इन्स्टॉलर झेड ड्राइव्हवरून (ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये सर्व्हरच्या फोल्डरला दिलेलं अक्षर) चालवला तर तोही याच कारणाने अडतो. ॲडमिनला तो झेड दिसतच नाही. सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्या.

जुनी ३२-बिट सॉफ्टवेअर आणखी वेगळा चकवा देतात. ती स्वतःच्याच प्रोग्रॅम फाइल्समधल्या फोल्डरमध्ये लिहायला जातात. विंडोज तिथे लिहू देत नाही, पण गुपचूप ती फाइल त्या युजरच्या प्रोफाइलमधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. सकाळपाळीवाल्याने टेम्प्लेट दुरुस्त केलं, त्याला नवं दिसतंय. दुपारी त्याच पीसीवर आपल्या लॉगिनने बसलेल्याला जुनंच. मग दोघांची भांडणं! यावर वैतागून यूएसी (ॲडमिनची परवानगी विचारणारी विंडोजची सोय) बंद करू नका, ही पळवाटही बंद होईल आणि थेट 'ॲक्सेस डिनाइड' येईल. ते सॉफ्टवेअर ज्या उपफोल्डरमध्ये लिहितं, तेवढ्यालाच युजर्सना 'मॉडिफाय' (बदल करायची) परवानगी द्या.

आणि स्क्रायबस १.४ कुठे उरलं असेल तर काढा, त्यात मराठी जोडाक्षरं फुटतात, १.६ घ्या.

आता मी निघण्याआधी ऑपरेटरलाच खुर्चीत बसवतो. त्याच्या लॉगिनमध्ये 'महाराष्ट्र' टाइप करायचं, एक ईपीएस आणायची, पीडीएफ काढायची. मी माउसला हात लावत नाही.